लग्नाच्या कॅमेऱ्याने काढलेल्या कृत्तिका

दिवाळी झाली आणि मल्लूभावजींनी सांगितलं, की भिंगाला गिऱ्हाईक मिळालं आहे. विजापूरचा एक फोटोवाला संक्रांतीनंतर येऊन ते घेऊन जाणार होता. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर, सोलापुरातच गिरणीत कामाला. हे गेल्यापासून दोन वर्षं त्यांनीच माझं आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या बंद दुकानाचं सगळं पाहिलं, त्यामुळे रुसायला जागा नव्हती. फोटोचं दुकान चालवणार कोण? भिंगावर बुरशी चढण्यापेक्षा ते कोणाच्या तरी कामी यावं, हे मलाही पटत होतं.

"गिऱ्हाईक येईपर्यंत भिंग माझ्याकडेच ना?" मी विचारलं.

"तुमचंच हाय की वैनी."

"मग मी ते घेऊन पाचगणीला जाऊन येते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला."

भावजींनी चहाची बशी खाली ठेवली. "एकट्या जाणार व्हय? आन् कशाला?"

"यांचं एक काम राहिलंय."

ते काम असं. यांचं दुकान चालायचं लग्नाच्या फोटोंवर. पितळी नळीचं ते भिंग नवरानवरींच्या चेहऱ्यांसाठीच घेतलेलं. पण गिऱ्हाईक नसलं की संध्याकाळी हे कॅमेरा गच्चीवर न्यायचे आणि आकाशाकडे तोंड करून ठेवायचे. काचेच्या प्लेटवर यायच्या नुसत्या रेघा, कारण तारे सरकतात आणि कॅमेरा जागेवर राहतो. त्यातून गिरण्यांचा धूर. एका मासिकात यांनी वाचलं होतं, की कृत्तिकांच्या भोवती एक अंधूक उजेड आहे. डोळ्याला तो दिसत नाही, प्लेटला दिसतो. ते वाचल्यापासून यांना दुसरं सुचेना. पाचगणीच्या पुढे एका डोंगरावर एका निवृत्त इंजिनीअरसाहेबांनी स्वतःच्या पेन्शनीतून लहानशी वेधशाळा बांधली आहे, असं कळल्यावर यांनी त्यांना पत्र घातलं. उत्तर आलं, की तुमचं भिंग घेऊन हिवाळ्यात या, माझ्या दुर्बिणीच्या पाठीवर बांधू, रेघा येणार नाहीत. हिवाळा यायच्या आधी विषमज्वराने यांना नेलं.

मी शाळेत गेलेली नाही. मराठी यांच्या मासिकांवरून शिकले आणि इंग्रजी अक्षरं प्लेटांच्या खोक्यांवरून. दुकानात प्लेटा भरणं, धुणं, सुकवणं ही कामं माझीच होती. तेव्हा मी स्वतःच साहेबांना लिहिलं, की ज्यांना बोलावलं होतं ते आता नाहीत, निमंत्रण अजून आहे का? आठ दिवसांत कार्ड आलं: "निमंत्रण भिंगाला होतं. कोण आणतं याला महत्त्व नाही. गरम कपडे भरपूर आणावेत."

ज्या भगिनींना असा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी वाट सांगते. सोलापूरहून संध्याकाळची गाडी धरावी, पहाटे पुणं येतं. पुण्याला लहान रुळांची गाडी बदलून दुपारपर्यंत वाठार. वाठार स्टेशनाबाहेर मोटारी उभ्याच असतात, त्या वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणीला नेतात. मोटारवाला आधी दुप्पट भाडं सांगतो. आपण खाली बसून भाकरी सोडायला लागलं, की बरोबर भाडं सांगतो. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी चार दिवस टिकते, तेवढी बरोबर असली की कोणाचं तोंड बघावं लागत नाही.

बायकांच्या डब्यात मी भिंगाची पेटी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली होती. कुर्डुवाडीला करकंबची एक म्हातारी चढली. बराच वेळ ती पेटीकडे बघत होती.

"द्येव हाय का वं त्यात?"

"नाही आजी."

"मग अस्थी आसतील." तिने माझं कपाळ पाहिलं होतं. "कुटं, नाशकाला निगालीस?"

"आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. अस्थी नसतात आमच्याकडे. काच आहे आत."

"काच? आन् येवढी लेकरावानी धरलीस?" तिने स्वतःचं गाठोडं बाकावरून खाली ठेवलं आणि सरकून घेतलं. "ठेव हितं. दौंडपातुर मी हात लावून बसते. तू जरा डोळा लाव."

मी झोपले नाही, पण टेकले. दौंडला उतरताना तिने पेटीवर दोनदा थोपटलं.

घाटात मोटार तीनदा थांबली, पाणी प्याली आणि पुन्हा निघाली. खाली वाईची नदी लहान होत गेली. आमच्याकडे सगळं सपाट, डोंगर म्हणजे चित्रातला. पहिल्या वळणाला मी डोळे मिटून घेतले आणि चौथ्या वळणापासून उघडे ठेवले. रात्र पाचगणीच्या धर्मशाळेत काढली. थंडी अशी, की भाकरीचे तुकडे वाजत होते. सकाळी कॅमेऱ्याला आणि बाकीच्या ओझ्याला एक घोडा केला आणि मी पायी चालले. दोन तासांची चढण आहे. भिंगाची पेटी घोड्यावर दिली नाही.

माथ्यावर दगडी घर, पाण्याची टाकी आणि थोड्या अंतरावर पत्र्याचा घुमट, आमच्या जोंधळ्याच्या कणगीसारखा. इंजिनीअरसाहेब दारातच उभे होते. उंच, वाकलेले, गळ्यात मफलर. त्यांच्यामागे त्यांच्या थोरल्या बहीण, आक्का. लाल आलवण, डोक्यावरून पदर.

साहेबांनी मला आधी पेटी उघडायला लावली. भिंग खिडकीशी धरून पाहिलं आणि म्हणाले, "यजमानांनी छान ठेवलंय."

"दोन वर्षं मी ठेवलंय," मी म्हणाले.

"मग तुम्ही छान ठेवलंय."

आक्कांनी मला आंघोळीचं पाणी दिलं, गरम पिठलं वाढलं आणि एकच गोष्ट बजावली. "घुमटात उष्टं-खरकटं काही न्यायचं नाही हो. आमचा नाना तिथं संध्या करतो. मला ती जागा देवघरासारखी. पाणीसुद्धा पिऊ नये." मी मान डोलावली. मी लिंगायताची, त्या सोवळ्यातल्या. मला वेगळं ताट वाढतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. म्हणून त्यांनी सांगितलेला हा एक नियम तरी काटेकोर पाळायचा, असं मी मनाशी ठरवलं.

माझ्याकडे मुक्कामाला तीनच रात्री होत्या. पुढे चंद्र वाढत जाणार आणि संक्रांतीनंतर भिंग जाणार.

पहिल्या दिवशी साहेबांनी भिंग लावून आमचा कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर पट्ट्यांनी बांधला. दुर्बीण वजनावर चालणाऱ्या एका घड्याळी यंत्राने ताऱ्यांच्या मागे हळूहळू फिरते. पण यंत्र थोडं चुकतंच. म्हणून माणसाने दुर्बिणीला डोळा लावून बसायचं. आत कोळ्याच्या धाग्यांची फुली असते. एक तारा त्या फुलीवर धरायचा, तो जरा हलला की हाताशी असलेला स्क्रू फिरवून त्याला परत आणायचं. दीड तास. बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही.

प्लेट भरायला मी घुमटातल्या कोनाड्यात शिरले. या जलद प्लेटांना लाल दिवासुद्धा चालत नाही, सगळं काम मिट्ट काळोखात हाताने करायचं. प्लेटच्या एका बाजूला औषधाचा थर असतो आणि ती बाजू भिंगाकडे हवी. काळोखात बाजू ओळखायची यांनी शिकवलेली रीत अशी, की प्लेटचा कोपरा खालच्या ओठाला लावायचा. औषधाची बाजू ओठाला किंचित चिकटते, काच चिकटत नाही. हजार प्लेटा मी तशा भरल्या असतील. ओठापर्यंत प्लेट नेली आणि हात थांबला. देवघरासारखी जागा. ओठाला लावलेली वस्तू, म्हणजे उष्टीच. मी बोटाने चाचपून पाहिलं. बोटं थंडीने लाकडासारखी झालेली. एक बाजू जराशी खरखरीत वाटली, ती पुढे करून चौकट बंद केली.

रात्री नऊच्या सुमाराला कृत्तिका डोक्यावर आल्या. सोलापुरात मला सहा दिसतात. तिथे नऊ मोजल्या आणि पुढे मोजायचं सोडून दिलं. दीड तास मी फुलीवर तारा धरून ठेवला. मान दुखली, गुडघे गारठले, पण तारा सुटू दिला नाही. झाकण लावलं तेव्हा साहेब म्हणाले, "पहिल्या वेळी मला अर्धा ताससुद्धा बसवलं नव्हतं."

सकाळी प्लेट धुतली. पाण्यातून वर काढून पाहिली. ताऱ्यांचे टिंब यायला हवे होते, तिथे मोहरीएवढे फुगलेले गोळे. औषधाची बाजू पलीकडे धरून पाहिलं की आकाश सरळ दिसायला हवं. दिसलं ते आरशातल्यासारखं, कृत्तिकांची लहानशी शेपटी भलत्याच बाजूला. प्लेट उलटी भरली होती. उजेड काचेतून शिरून मागच्या थरावर पडला होता.

साहेबांनी विचारलं, "इतकी वर्षं दुकानात प्लेटा भरल्यात, मग ही कशी उलटी गेली?"

खोटं सांगता आलं असतं. मी खरं सांगितलं. उष्ट्याचं, आक्कांचं, बोटांचं.

हसू आवरेना म्हणून त्यांनी मफलरमध्ये तोंड घातलं. "बाई, बारा वर्षं मी प्रत्येक प्लेट ओठाला लावतोय. त्या कपाटातलं सगळं आकाश माझं उष्टं आहे. आक्काला सांगू नका."

"आक्काला ऐकू येतं," स्वयंपाकघरातून आवाज आला. "आणि आक्काला बारा वर्षांपासून ठाऊक आहे. तुझ्या मिशीला काय लागलेलं असायचं, ते मी नाही पाहिलं? मी सांगितलं ते खरकट्याचं. चिवडा घेऊन बसतोस तिथं, मुंग्या होतात." त्या बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तू मला विचारायचंस गं. माझ्या नियमाने तुझी रात्र गेली."

"मीच विचारायला हवं होतं."

"हो," त्या म्हणाल्या. "विचारायचंसच."

दुसऱ्या रात्री धुकं आलं. घुमट उघडलासुद्धा नाही. आम्ही दोघी शेगडीपाशी बसलो. आक्का वाती वळत होत्या. मी पण चार वळल्या, त्यांनी त्या उलगडून पुन्हा नीट वळल्या.

"किती वर्षं झाली?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"मला बेचाळीस." वातीला पीळ देत म्हणाल्या, "चेहरा आठवत नाही मला आता. फोटो नव्हता. तुझ्याकडे असेल."

सगळ्या गावाचे फोटो आमच्याकडे होते. यांचा एकच आहे, तोही मी काढलेला, भिंग तपासायचं होतं म्हणून. तो किंचित हललेला आहे. मी तो पिशवीतून काढून दिला. आक्कांनी दिव्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला. "कान मोठे आहेत," म्हणाल्या. खरंच मोठे होते. मी हो म्हणाले. बाहेर धुकं पत्र्यावरून ठिबकत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही दिसेना. उतरताना मोटार चुकू नये म्हणून मी सामान बांधून ठेवलं. चारला वारा सुटला, आणि दिवेलागणीपर्यंत आकाश असं स्वच्छ झालं, की साहेब जेवायला बसेनात. मी कोनाड्यात गेले, प्लेटचा कोपरा ओठाला लावला. चिकटला. ती बाजू पुढे करून चौकट बंद केली.

या वेळी दोन तास धरायचं ठरलं. पहिला तास सहज गेला. मग थंडीने डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थंडीनेच म्हणते, कारण दुसरा विचार करायला तेव्हा फुरसत नव्हती. तारा पाण्यात विरघळला आणि फुली दिसेना. डोळा पुसायला मान काढावी, तर तेवढ्यात तारा किती सरकेल कोणास ठाऊक. मी हाक मारली नाही, तरी साहेबांना कळलं.

"डावा डोळा लावा," ते अंधारातून म्हणाले. "उजवा पुसा. घाई नाही, यंत्र तेवढं सांभाळतं."

डाव्या डोळ्याने पाहिलं, तर तारा फुलीपासून केसभर बाजूला. स्क्रू फिरवला. आला परत. उरलेला तास मी डोळे बदलत काढला.

त्याच रात्री प्लेट धुवायला घेतली. सकाळपर्यंत थांबणं शक्यच नव्हतं. आधी मोठे तारे उमटले, बारीक आणि टोकदार. मग लहान. काम पुरं होऊन प्लेट उजेडात आणली, तेव्हा मुख्य ताऱ्यांभोवती काळसर वाफेसारखं काहीतरी होतं. प्लेटवर सगळं उलट असतं, उजेड काळा दिसतो. मी प्लेट साहेबांपुढे धरली.

साहेबांनी मात्र लगेच हो म्हटलं नाही. "थांबा. तेजस्वी ताऱ्याचा प्रकाश काचेच्या पाठीवर आपटून परत येतो, मग ताऱ्याभोवती खोटं कडं उमटतं. बोटाचा डागही असू शकतो. एका प्लेटवर मी विश्वास ठेवत नाही. दुसरी हवी."

दुसरी कुठून आणायची? मला सकाळी उतरायचं होतं. साहेब खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. मग एकदम वळले. "ती उलटी कुठं आहे?"

मी ती फेकली नव्हती. फुकट गेलेली काचही पुसून वापरता येते, ही दुकानाची सवय. साहेबांनी ती उलटी प्लेट उलटी केली, म्हणजे ती सरळ झाली, आणि चांगल्या प्लेटवर ठेवली. हळूहळू सरकवत फुगलेल्या ताऱ्यांच्या पोटात बारीक तारे नेऊन बसवले. मग वाचायच्या भिंगातून पाहिलं. मग मला पाहायला दिलं.

"खोटं कडं गोल असतं," ते म्हणाले. "हे बघा, या खालच्या ताऱ्याचा उजेड गोल नाही. एका बाजूला खाली ओघळलाय. आणि उलट्या प्लेटवरही त्याच बाजूला ओघळलाय. काच उलटी, रात्र वेगळी, तरी जागा तीच. बाई, हा आकाशातला आहे."

आक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. त्यांना काही दिसलं की नाही ते मी विचारलं नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

सकाळी निघण्याआधी साहेबांनी आपली नोंदवही काढली. भिंग कोणाचं, हा एक रकाना. तारा कोणी धरला, हा दुसरा. पहिल्यासाठी त्यांनी नाव विचारलं. आमच्यात धन्याचं नाव तोंडाने घेत नाहीत, आणि उखाणा घालायची ती वेळ नव्हती. मी हात पुढे केला, टाक घेतला आणि यांचं नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्यात माझं. साहेबांनी शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली.

उतरताना आक्कांनी तिळाच्या वड्या बांधून दिल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा ये, असं म्हणत नाही. पुष्कळ लांब आहे." मी म्हणाले, लांब नाही, दोन रात्री आणि एक दिवस. त्यांनी मान हलवली.

आता घरी येऊन महिना होऊन गेला. भिंग गेलं. विजापूरचा माणूस भला होता, त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. दुकानाच्या जागी भावजी शिवणयंत्र ठेवायचं म्हणतात, मी हो म्हटलं आहे. लोक विचारतात, एवढी दगदग करून काय आणलंस? मी काचा दाखवते. शेजारची मंडळी उजेडाला धरतात, "डाग पडलेत वाटतं," म्हणतात आणि परत देतात. मी समजावत बसत नाही. करकंबच्या त्या आजीने, साहेबांनी, आक्कांनी माझं काम आपलं म्हणून केलं. त्यांतल्या कोणाचंही मी काही लागत नव्हते. एकटं बाहेर पडायला भिणाऱ्या माझ्यासारख्या बायांना मी एवढंच सांगेन, की भीती घरात बसून असते तेवढी मोठी रस्त्यावर नसते.

भावजींनी मात्र काचा बघायचं टाळलं होतं. परवा गिरणीतली पाळी संपवून आले, हातपाय धुतले आणि आपणहून म्हणाले, "वैनी, बगू द्या ते."

मी दोन्ही काचा एकीवर एक ठेवून खिडकीशी धरल्या आणि कुठे बघायचं ते बोटाने दाखवलं. त्यांना वेळ लागला. मग दिसलं. डोळे बारीक करून ते तसेच उभे राहिले.

"दादानं बगितलं आसतं, तर काय म्हटला आसता?"

मी विचार केला. खरं काय म्हटले असते, तेच सांगावं असं वाटलं.

"म्हणाले असते, मधलं बरं आलंय. कोपऱ्यातले तारे पसरलेत, फोकस मऊ आहे. परत काढ."

भावजी माझ्याकडे बघायला लागले, आणि आधी ते हसले, मग मी. हसता हसता काचा पडतील म्हणून मला त्या खाली ठेवाव्या लागल्या. हे गेल्यापासून यांच्यावरून आमच्या घरात कोणी हसलं, ती पहिली वेळ.